फ्रंट साइड बस

फ्रंट साइड बस (संक्षेपाने एफएसबी) ही संगणकाचा मध्यवर्ती प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, आणि मदरबोर्डावरील नॉर्थब्रिज नावाची चिप यांना जोडणारी संदेशवाहक मार्गिका होय. मेमरीतून येणारी माहिती, ग्राफिक्स कार्डाकडे जाणारी माहिती आणि एकाहून अधिक प्रोसेसर असल्यास त्यांनी एकमेकांना द्यावयाची वर्दी, हे सर्व दळणवळण या एकाच मार्गिकेवरून चालत असे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून २००८ च्या अखेरीपर्यंत इंटेलच्या बहुतेक सर्व वैयक्तिक संगणकांची व सर्व्हरांची रचना या मार्गिकेभोवती झालेली होती. तिच्या अखेरच्या पाच-सहा वर्षांत तिची जागा कोणती मार्गिका घेणार, केव्हा घेणार आणि मुळात घेणार की नाही, याविषयी संगणकक्षेत्रात जितके तर्क लढवले गेले तितके संगणकाच्या दुसऱ्या एखाद्या अंतर्गत भागाविषयी क्वचितच लढवले गेले असतील. त्या तर्कांपैकी काही अचूक ठरले, काही अकाली ठरले, तर काही निखालस खोटे निघाले.

नावाविषयी

विद्युत अभियांत्रिकीत ‘बस’ हा शब्द ‘ऑम्निबस’ या लॅटिन शब्दाचे लघुरूप म्हणून आला. ‘सर्वांसाठी’ असा त्याचा अर्थ. प्रवासी वाहनाला बस म्हणतात तेही याच शब्दावरून. त्यामुळे मराठी वाचकाला हा शब्द ऐकून एसटी आठवली तर ती व्युत्पत्तीच्या दृष्टीने चूक नव्हे. एकाच वाहनाने अनेकांनी जावे, एकाच तारसमूहावरून अनेक घटकांनी बोलावे, ही कल्पना दोन्हीकडे समान आहे.

‘फ्रंट साइड’, म्हणजे पुढील बाजू, हे विशेषण इंटेलच्या पेंटियम प्रो (१९९५) व पेंटियम २ (१९९७) या प्रोसेसरांच्या काळात रूढ झाले. त्यांत दुसऱ्या पातळीची कॅश मेमरी एका स्वतंत्र मार्गिकेने प्रोसेसरला जोडलेली होती. ही आतली मार्गिका ‘बॅक साइड बस’ आणि बाहेरच्या जगाकडे जाणारी ती ‘फ्रंट साइड बस’. पुढे कॅश मेमरी प्रोसेसरच्याच चिपवर आली, पाठीमागच्या मार्गिकेचे नाव मागे पडले आणि पुढची मार्गिका मात्र जोडीदाराविना त्याच नावाने ओळखली जात राहिली.

कार्यपद्धती

मार्गिकेची वहनक्षमता दोन गोष्टींवर ठरते. एक तिची रुंदी, म्हणजे एका खेपेस किती बिट जातात ती संख्या. दुसरी सेकंदाला होणाऱ्या खेपांची संख्या. १९९३ च्या पेंटियमपासून इंटेलच्या या मार्गिकेची रुंदी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट, अशी कायम राहिली. वाढत गेल्या त्या खेपा. पेंटियम ४ (२०००) मध्ये मार्गिकेचे घड्याळ १०० मेगाहर्ट्झचे होते, परंतु घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला माहितीच्या चार खेपा होत. त्यामुळे सेकंदाला ४० कोटी खेपा आणि प्रत्येक खेपेस ८ बाइट, अशी ३.२ गिगाबाइट प्रति सेकंद क्षमता मिळे. जाहिरातींत मात्र ‘४०० मेगाहर्ट्झ एफएसबी’ असे छापले जाई. घड्याळाची गती आणि खेपांची संख्या यांतील हा घोटाळा विक्रेत्यांना सोयीचा होता; तो अखेरपर्यंत मिटला नाही.

प्रोसेसरची स्वतःची गती ही मार्गिकेच्या घड्याळाला एका ठरावीक गुणकाने गुणून येत असे. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरचा गुणक ४.५ आणि मार्गिकेचे घड्याळ ६६ मेगाहर्ट्झ होते. मार्गिका १०० मेगाहर्ट्झवर नेली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झने चाले, आणि बऱ्याच जणांच्या संगणकात तो तसा बिनतक्रार चालला. ठरलेल्या गतीपेक्षा यंत्र पळवण्याचा हा छंद, ज्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, घरोघरी पोहोचण्यास या प्रोसेसरचा मोठा हातभार लागला. पुढे भावी प्रोसेसरांविषयी सर्वाधिक उत्साहाने तर्क लढवणारा वर्गही हाच होता.

या रचनेतील मूळ अडचण सामायिकतेची आहे. एका वेळी एकच घटक मार्गिकेवर बोलू शकतो. इतरांनी थांबावे लागते. एकपदरी पुलावर समोरून गाडी येत असताना जे होते तेच येथे होते. त्यातच एकाहून अधिक प्रोसेसर असले, तर प्रत्येकाने आपल्या कॅशमध्ये ठेवलेली माहिती दुसऱ्याने बदलली आहे काय हे सतत तपासावे लागते आणि ही तपासणीही त्याच पुलावरून जाते. शिवाय एकाच तारसमूहाला जितके जास्त घटक जोडावेत तितके संदेशांचे परावर्तन वाढते आणि गती कमी ठेवावी लागते. याच कारणाने घरगुती पेंटियम ४ ची मार्गिका २००३ मध्ये ८०० वर पोहोचली, तरी चार प्रोसेसरांच्या झिऑन सर्व्हरांना २००५ च्या आरंभापर्यंत ४०० वरच भागवावे लागले. म्हणजे ज्या यंत्राला रुंद रस्ता सर्वाधिक हवा, त्यालाच तो सर्वांत अरुंद मिळाला.

विकास

आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या वैयक्तिक संगणकातील ८०८८ हा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झने चाले व त्याची बाह्य मार्गिका ८ बिटांची होती. प्रोसेसर, मेमरी आणि विस्तारपट्ट्या साधारण एकाच तालावर चालत. ही एकतानता १९९२ च्या ४८६ डीएक्स२ ने मोडली. त्यात प्रोसेसर मार्गिकेच्या दुप्पट गतीने चालू लागला. तेव्हापासून प्रोसेसरने पुढे धावावे आणि मार्गिकेने मागे राहावे हा क्रम पडला.

पेंटियम २ च्या ६६ मेगाहर्ट्झपासून १९९८ मध्ये १०० आणि १९९९ मध्ये १३३ मेगाहर्ट्झ अशी वाढ झाली. पेंटियम ४ च्या काळात सेकंदाला खेपांची संख्या ४० कोटींवरून २००२ मध्ये ५३ कोटी व २००३ मध्ये ८० कोटी झाली. १०६.६ कोटी (२००४) आणि १३३.३ कोटी (२००६-०७) या त्यापुढच्या पायऱ्या. १६० कोटी खेपा, म्हणजे १२.८ गिगाबाइट प्रति सेकंद, हे या मार्गिकेने गाठलेले शेवटचे शिखर.

एएमडीचा वेगळा मार्ग

इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी ही कंपनी १९९९ मधील अ‍ॅथलॉनपर्यंत याच प्रकारची मार्गिका वापरत होती. फरक इतकाच, की अ‍ॅथलॉनने डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या अल्फा प्रोसेसरची ईव्ही६ ही मार्गिका परवान्याने घेतली होती. एप्रिल २००३ मध्ये आलेल्या ऑप्टेरॉनने मात्र हा प्रकारच सोडून दिला. मेमरीचे नियंत्रण करणारा भाग एएमडीने नॉर्थब्रिजमधून काढून थेट प्रोसेसरच्या चिपवर आणला. इतर घटकांशी व दुसऱ्या प्रोसेसरांशी बोलण्यासाठी हायपरट्रान्सपोर्ट हा दुवा ठेवला. हा दुवा सामायिक नसून दोन टोकांमधला खासगी रस्ता असतो आणि त्यावर दोन्ही दिशांनी एकाच वेळी वाहतूक होते. प्रोसेसर वाढवला की त्याच्यासोबत त्याची मेमरी व तिचा रस्ताही वाढे. इंटेलच्या रचनेत प्रोसेसर वाढला की वाटेकरी वाढे.

चार प्रोसेसरांच्या सर्व्हरांत ऑप्टेरॉनने इंटेलला जो धक्का दिला त्याचे मुख्य कारण येथे आहे. पुढील सर्व तर्कवितर्कांची पार्श्वभूमीही हीच.

उत्तराधिकाऱ्याविषयीचे तर्क

२००३ नंतर प्रश्न एकच होता : इंटेल हाच मार्ग केव्हा धरणार? या प्रश्नाला जाहीर उत्तर नव्हते आणि म्हणून अनधिकृत उत्तरे पुष्कळ होती. त्यांचे उगम साधारण ठरलेले असत. मदरबोर्ड बनवणाऱ्या तैवानी कंपन्यांना आगाऊ दिलेल्या योजनापत्रकांतून काही माहिती बाहेर पडे. काही संकेतनामांवरून अनुमाने बांधली जात. इंटेलमध्ये अप्रकाशित प्रोसेसरांना नद्या, गावे, डोंगर यांची नावे देण्याची प्रथा होती. काही मजकूर पेटंट अर्जांतून मिळे. उरलेला भाग कल्पनेचा.

इंटेलने मेमरी नियंत्रक प्रोसेसरवर आणण्याचा प्रयत्न केलाच नव्हता असे मात्र नाही. टिम्ना या नावाचा एक स्वस्त प्रोसेसर तिच्या इस्रायलमधील चमूने तयार केला होता व त्यावर रॅम्बस कंपनीच्या मेमरीसाठीचा नियंत्रक होता. रॅम्बस मेमरी महाग राहिली. तिच्याऐवजी साधी मेमरी लावता यावी म्हणून योजलेली मध्यस्थ चिप सदोष निघाली आणि सप्टेंबर २००० मध्ये टिम्ना बाजारात येण्यापूर्वीच रद्द झाला. मेमरीचा एक प्रकार प्रोसेसरवर कोरून ठेवला आणि बाजाराने दुसराच निवडला, तर पूर्ण प्रोसेसर वाया जातो, हा धडा त्यातून मिळाला. नॉर्थब्रिज वेगळा असला की तेवढीच चिप बदलून भागते. इंटेलच्या त्याच ७७५ खाचांच्या बैठकीवर डीडीआर, डीडीआर२ आणि पुढे डीडीआर३ अशा तिन्ही पिढ्यांच्या मेमरीचे मदरबोर्ड निघाले. एएमडीला मात्र डीडीआर२ साठी मे २००६ मध्ये नवी बैठक आणावी लागली. इंटेलच्या सावधपणाला केवळ आळस म्हणणारे तत्कालीन टीकाकार ही बाजू सहसा सांगत नसत.

दुसरीकडे, अल्फा प्रोसेसरची तंत्रविद्या व तिचे अनेक अभियंते २००१ नंतर कॉम्पॅककडून इंटेलकडे आले होते. अल्फाच्या ईव्ही७ या शेवटच्या मोठ्या आवृत्तीत मेमरी नियंत्रक आणि प्रोसेसरांना थेट जोडणारे दुवे दोन्ही चिपवरच होते. त्यामुळे मॅसॅच्युसेट्समधील हा चमू इंटेलसाठी तसेच काही घडवत असणार, असे अनुमान निघाले. ते खरे ठरले. त्या प्रकल्पाचे नाव कॉमन सिस्टम इंटरफेस, संक्षेपाने सीएसआय. ‘कॉमन’ यासाठी, की झिऑन आणि आयटेनियम या इंटेलच्या दोन भिन्न प्रोसेसर-घराण्यांनी एकच दुवा वापरावा असा संकल्प होता.

याच काळात पेंटियम ४ ची परंपरा अडखळली. प्रोसेसर लवकरच १० गिगाहर्ट्झ गाठतील असे इंटेलनेच पूर्वी सांगितले होते. प्रत्यक्षात तापमान व वीजखप यांनी वाट अडवली. मे २००४ मध्ये तेजस हा भावी प्रोसेसर रद्द झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ देखील. तेजसविषयी वर्षभर चाललेली सर्व भाकिते, त्यातील मार्गिकेच्या गतीसह, एका दिवसात निरर्थक झाली.

तर्कांचा सर्वांत मोठा पराभव २००६ मध्ये झाला. मेमरी नियंत्रक बाहेर ठेवून इंटेल यापुढे एएमडीची बरोबरी करू शकणार नाही, हे मत तोपर्यंत जवळजवळ सिद्धान्ताच्या पदाला पोहोचले होते. जुलै २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. त्याची मार्गिका तीच जुनी, १०६६ ची, नियंत्रक बाहेरच. तरीही घरगुती कामांत त्याने अ‍ॅथलॉन ६४ ला स्पष्टपणे मागे टाकले. दोन गाभ्यांनी मिळून वापरावयाची ४ मेगाबाइटपर्यंतची कॅश आणि लागणारी माहिती आधीच ओळखून आणून ठेवण्याची युक्ती यांमुळे मेमरीकडे जाण्याची वेळच कमी येई. रस्ता रुंद न करता फेऱ्या कमी करण्याचा हा उपाय होता. चार प्रोसेसरांच्या सर्व्हरांत मात्र तो पुरला नाही. तेथे ऑप्टेरॉनचे वर्चस्व आणखी काही काळ टिकले. म्हणजे भाकीत सपशेल चुकले असे नव्हे. घरगुती संगणकाला लागू न पडणारे कारण त्याला चिकटवले गेले होते.

कोअर २ च्या आगमनाच्या सुमारास एएमडीविषयी एक वेगळीच वावडी पसरली. दोन गाभे ऑपरेटिंग सिस्टीमला एकच गाभा म्हणून दाखवून एकाच कामाची गती दुप्पट करणारे ‘उलटे हायपरथ्रेडिंग’ एएमडीच्या प्रोसेसरांत दडलेले आहे आणि ते लवकरच खुले होईल, अशी ती होती. असे कोणतेही तंत्र बाजारात आले नाही. एका धाग्यातील सूचना एकमेकींवर अवलंबून असतात. त्या दोन गाभ्यांत वाटायच्या तर प्रत्येक पावलाला दोघांनी निरोप द्यावे-घ्यावे लागतात आणि त्या निरोपांचा विलंब सर्व लाभ खाऊन टाकतो. इतका साधा आक्षेप असूनही ती वावडी काही महिने टिकली, याचे कारण तांत्रिक नसून पक्षनिष्ठेचे म्हणावे लागेल.

त्याच वर्षी एएमडीने टोरेन्झा या नावाखाली आपला हायपरट्रान्सपोर्ट दुवा इतर कंपन्यांच्या सहप्रोसेसरांना खुला करण्याची घोषणा केली. इंटेलने आयबीएमसह जेनेसिओ हा प्रस्ताव मांडला. तो पीसीआय एक्सप्रेस या प्रचलित दुव्यालाच वाढवण्याचा होता. पुढचा संगणक म्हणजे एकाच फलकावर नाना जातींच्या प्रोसेसरांचा मेळा, अशी चित्रे तेव्हा रंगवली गेली. तशी यंत्रे आली, परंतु पुष्कळ उशिरा आणि दुसऱ्या नावांनी.

सीएसआयविषयीचे सर्वांत विश्वसनीय लेखन ऑगस्ट २००७ मध्ये ‘रिअल वर्ल्ड टेक्नॉलॉजीज’ या संकेतस्थळावर डेव्हिड कँटर यांनी केले. कोणा अनामिकाच्या हवाल्याने न लिहिता त्यांनी इंटेलची पेटंटे वाचून दुव्याची रचना, त्याचे थर आणि कॅशमधील माहिती सुसंगत ठेवण्याची पद्धत यांचा आराखडा मांडला. पुढील वर्षी प्रत्यक्ष दुवा आला तेव्हा त्या आराखड्याची मुख्य रूपरेषा जुळली. अफवा आणि अनुमान यांतील भेद दाखवण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

व्हाइटफील्ड आणि भारतातील दुवे

सीएसआय वापरणारा पहिला झिऑन प्रोसेसर भारतात घडणार होता. इंटेलच्या बंगळूर येथील केंद्राकडे चार गाभ्यांच्या एका सर्व्हर प्रोसेसरचे काम सोपवलेले होते आणि त्याला त्या शहराच्या पूर्वेकडील उपनगरावरून व्हाइटफील्ड हे संकेतनाम मिळाले होते. तो २००७ मध्ये अपेक्षित होता. ऑक्टोबर २००५ मध्ये इंटेलने तो रद्द केला.

त्याच्या जागी टायगरटन हा प्रोसेसर सप्टेंबर २००७ मध्ये झिऑन ७३०० या नावाने आला. त्यात जुनीच मार्गिका होती, परंतु एका चिपसेटमधून चार स्वतंत्र मार्गिका काढून प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची एक दिलेली होती. सामायिक मार्गिकेचा मूळ दोष अशा रीतीने दूर झाला, पण त्यासाठी चिपसेटला एवढ्या तारा सांभाळाव्या लागल्या, की या वाटेने आणखी पुढे जाणे शक्य नव्हते.

बंगळूरच्या चमूने त्यानंतर सहा गाभ्यांचा डनिंग्टन हा प्रोसेसर तयार केला. सुमारे १.९ अब्ज ट्रान्झिस्टरांचा हा प्रोसेसर सप्टेंबर २००८ मध्ये झिऑन ७४०० म्हणून बाजारात आला. भारतात संपूर्णपणे आरेखित झालेला हा इंटेलचा पहिला एक्स८६ प्रोसेसर मानला जातो. ज्या चमूच्या हातून नव्या दुव्याचा आरंभ व्हावयाचा होता, त्याच्या हातून जुन्या मार्गिकेवरील अखेरच्या मोठ्या प्रोसेसरांपैकी एक घडला, हा योग विलक्षण आहे.

पुण्यातील दोन महासंगणकही याच मार्गिकेवर उभे होते. टाटा सन्सच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने उभारलेला ‘एका’ नोव्हेंबर २००७ च्या टॉप५०० यादीत ११७.९ टेराफ्लॉप वेगासह जगात चौथा आला. त्यात चार गाभ्यांचे ‘क्लोव्हरटाउन’ झिऑन होते. हे प्रोसेसर म्हणजे दोन गाभ्यांच्या दोन चिपा एका वेष्टनात. त्या दोन चिपांना परस्परांशी बोलायचे झाले तरी बाहेर येऊन फ्रंट साइड बसवरूनच जावे लागे. सी-डॅकच्या ‘परम युवा’मध्ये (२००८) २८८ यंत्रे होती आणि प्रत्येकात झिऑन ७३०० मालिकेचे चार प्रोसेसर, म्हणजे एकूण ४,६०८ गाभे. व्हाइटफील्डच्या जागी आलेला प्रोसेसर तो हाच.

अस्त

२००७ मध्ये सीएसआयला क्विकपाथ इंटरकनेक्ट हे अधिकृत नाव मिळाले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये नेहेलम आरेखनाच्या कोअर आय७ प्रोसेसरांबरोबर ते बाजारात आले. डीडीआर३ मेमरीच्या तीन मार्गांचा नियंत्रक आता प्रोसेसरवरच होता. क्विकपाथचा दुवा प्रत्येक दिशेस २० तारजोड्या व घड्याळाची एक जोडी, म्हणजे दोन्ही दिशा मिळून ८४ तारांचा होता. सर्वांत महागड्या प्रोसेसरात तो सेकंदाला ६४० कोटी खेपा करी. २० पैकी १६ जोड्या प्रत्यक्ष माहितीसाठी असल्याने प्रत्येक दिशेस १२.८ गिगाबाइट प्रति सेकंद क्षमता मिळे. जुनी मार्गिका आपल्या शिखरावर सर्व दिशा मिळून जेवढे वाहून नेई तेवढे आता एका दिशेला जाऊ लागले, आणि मेमरीची वाहतूक त्यातून वगळलेली होती ती वेगळीच.

नेहेलमने घरगुती संगणकापेक्षा सर्व्हरांचे चित्र अधिक बदलले. आयटेनियमला हा दुवा मिळण्यास फेब्रुवारी २०१० उजाडले. झिऑन ७५०० आणि नवा आयटेनियम यांनी अखेर एकच चिपसेट वापरला, परंतु दोहोंची बैठक एक करण्याची मूळ कल्पना साधली नाही.

सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या मध्यम किमतीच्या प्रोसेसरांत पीसीआय एक्सप्रेसचे नियंत्रणही प्रोसेसरवर गेले. नॉर्थब्रिजला कामच उरले नाही आणि ती चिप घरगुती मदरबोर्डांवरून नाहीशी झाली. कोअर २ आणि पहिल्या पिढीचे अ‍ॅटम प्रोसेसर असलेले संगणक त्यानंतरही काही वर्षे विकले गेले. फ्रंट साइड बसचा व्यवहारातील शेवट त्यांच्याबरोबर झाला.

प्रोसेसरच्या गतीचा आधार असलेले मूळ घड्याळ मात्र राहिले. त्याला आता बेस क्लॉक म्हणतात. जुन्या सवयीने त्यालाच एफएसबी म्हणणारे लोक आढळतात. ते चूक आहे.

२०१७ मध्ये इंटेलच्या सर्व्हरांत क्विकपाथची जागा अल्ट्रा पाथ इंटरकनेक्टने घेतली, तर एएमडीने त्याच वर्षी हायपरट्रान्सपोर्टऐवजी इन्फिनिटी फॅब्रिक आणले. प्रोसेसर व सहप्रोसेसर यांनी मेमरी सुसंगतपणे वाटून घ्यावी, हा जेनेसिओ व टोरेन्झा यांच्या काळातील विचार २०१९ मध्ये कॉम्प्युट एक्सप्रेस लिंक या खुल्या मानकाच्या रूपाने पुन्हा पुढे आला; त्याचा पायाही पीसीआय एक्सप्रेस हाच आहे.